फ्लेक्सवरची टिकली

फ्लेक्सवर माझं तोंड दोनदा होतं. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. डावीकडच्या तोंडाखाली लिहिलं होतं, 'निस्तेज, थकलेली, वयस्कर त्वचा'. उजवीकडच्या तोंडाखाली, 'झळाळी उटणं, रोज थोडा वेळ, घरच्या खर्चात'. मधे एक मोठा लाल बाण काढला होता, म्हणजे कुणी चुकून उलटं वाचायला नको.

तालुक्याच्या शाळेच्या मैदानावर बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं. दिवाळी तोंडावर आलेली. सकाळची वेळ, मांडववाले अजून कनाती बांधत होते आणि मी टेम्पोतून उटण्याच्या पुड्यांची खोकी उतरवत होते. आमच्या गटातली सगळ्यात लहान, रेश्मा, स्टुलावर उभी राहून फ्लेक्सची सुतळी आवळत होती. मोबाईल, फोटो, छापखाना ही सगळी कामं तिच्याकडे.

"रेश्मा, हे काय आहे?" मी विचारलं.

"छान आलंय ना, काकू? रंग बघा कसा उठलाय."

"कपाळावर काय आहे ते विचारतेय."

तिने फ्लेक्सकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग तिला सुतळीची गाठ एकदम फार अवघड वाटायला लागली.

उजवीकडच्या इंदूमतीच्या, म्हणजे माझ्या, कपाळावर टिकली होती. लालभडक, चांगली रुपयाएवढी. गळ्यात दोन वाट्यांचं मंगळसूत्र होतं. ओठांना रंग फासला होता. माझे मिस्टर जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि ही गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही माहीत होती. डावीकडची मी मात्र होते तशी होते, मोकळं कपाळ, ओकाबोका गळा. म्हणजे सरळ अर्थ हा की विधवा म्हणजे आधी आणि सवाष्ण म्हणजे नंतर. उटणं लावा आणि नवरा परत मिळवा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा स्वभाव मुळातच तिखट, घरात सून सोडून सगळे मला जपून असतात. पण त्या दिवशी जे पेटलं ते नेहमीचं नव्हतं.

थोडं मागचं सांगते, म्हणजे कळेल.

गटाचं उटणं मी करायची. मसूर डाळ, वाळवलेली संत्र्याची साल, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, मुलतानी माती, गुलाबाच्या पाकळ्या. निवडायचं मी, उन्हात घालायचं मी, गिरणीवाल्याच्या हातापाया पडायचं मी, कारण उटणं दळलं की पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिठाला वास येतो म्हणून तो नाक मुरडायचा. मग सगळं वस्त्रगाळ करायचं, तेही मीच. बाकीच्या बायका पुड्या भरायच्या आणि विकायला बसायच्या. मी विकायला बसायची नाही. मला मागे बसवायच्या, पडद्याच्या आड, खोक्यांजवळ. मिस्टर गेल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीत कुणीतरी म्हणालं होतं, "सणाचं दुकान आहे, पुढे सवाष्ण असलेली बरी दिसते." कोण म्हणालं ते मला आठवतंय, पण आता ती बाई वारली, तर राहू दे.

आमच्या अध्यक्षा मालाताई थोरात. त्यांना वाईट म्हणायची मला सोय नव्हती. मिस्टर दवाखान्यात होते तेव्हा दोन्ही वेळचा डबा ह्याच बाईने पाठवला, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. पण संक्रांतीला हळदीकुंकवाचं ताट घेऊन ओळीने निघाल्या, की माझ्यापाशी आल्यावर तिळगूळ तेवढा माझ्या हातावर ठेवायच्या आणि कुंकवाचं बोट शेजारणीकडे न्यायच्या. त्यात राग नसायचा, द्वेष नसायचा. रस्त्यात खड्डा आला की आपण बाजूने जातो, तसं जायच्या. मी तिळगूळ खायची आणि गप्प बसायची.

तर उटणं खपायचं फक्त दिवाळीत. मालाताईंच्या डोक्यात आलं की ते वर्षभर खपलं पाहिजे. "पन्नाशीच्या बायका बघा," त्या मीटिंगमध्ये म्हणाल्या. "चूल, ऊन, शेत, सगळं तोंडावर उतरलेलं असतं. पार्लरची ऐपत नाही, क्रीमचं नाव काढलं तर घरचे हसतात. त्यांना स्वस्तात काहीतरी हवंय. फोटो लावू. आधीचा आणि नंतरचा."

मग सगळ्यांनी एकमेकींची तोंडं न्याहाळली. आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्यावर येऊन थांबल्या.

"इंदूकाकू, आधीसाठी तुमचाच चेहरा बरोबर आहे," रेश्मा म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार. पण हसता हसता मी अट घातली. "तोंड माझं वापरा. पण मग प्रदर्शनात पुढच्या खुर्चीवर मी बसणार. उटणं मी करते, बायकांच्या हाताला लावून मीच दाखवणार."

मालाताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "दिला शब्द, इंदूताई."

मला ती खुर्ची हवी होती. आता हे ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण स्वतःच्या हाताने केलेली वस्तू पडद्याआडून विकली जाताना नुसती ऐकायची, आणि पुढे बसलेलीने "हो, आम्हीच करतो घरी" असं म्हणायचं, हे ज्याने सहन केलंय त्यालाच कळेल. मला त्या खुर्चीवर बसायचं होतं, बस.

मग मी मनापासून लागले. रोज सकाळी चमचाभर उटणं कच्च्या दुधात कालवायचं, तोंडाला, मानेला लावायचं. पोरीबाळी ते वाळून कडक होईपर्यंत ठेवतात, पण आपल्या वयाच्या कातडीला ते सोसत नाही, ओढलं जातं. ओलसर असतानाच कोमट पाण्याने काढायचं, खसाखसा चोळायचं नाही. मग गुलाबपाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळून ते टिपायचं. झोपताना खोबरेल तेलाचे दोन थेंब. आणि उन्हात जाताना पदर डोक्यावरून पुढे ओढायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्याला तर काहीच लागत नाही. श्रावणापासून मी हे एक दिवस न चुकता केलं. सुनेने विचारलं, "आई, हे कुणासाठी?" मी म्हटलं, "गटासाठी." शेजारणीने विचारलं, "आता ह्या वयात कुणाला दाखवायचंय?" तिला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

गोरी झाले नाही. होणारच नव्हते. वयही कमी झालं नाही. पण तोंडावर जी राखेसारखी कळा आली होती ती गेली. गाल मऊ लागायला लागले. मिस्टर गेल्यापासून मी आरशात फक्त भांग पाडण्यापुरतं बघायची, आता जरा थांबून बघायला लागले. रेश्माने नवरात्रात माझा दुसरा फोटो काढला तेव्हा मी तिच्याकडून तो माझ्या मोबाईलवर मागून घेतला. मोकळ्या कपाळाचा, साध्या सुती साडीतला फोटो. मला आवडला होता तो. मी त्यात छान दिसत होते, आणि माझी मीच दिसत होते.

आणि त्या फोटोवर ह्यांनी टिकली चिकटवली.

तेवढ्यात मालाताई आल्या. जरीकाठाची साडी, अंबाड्यात गजरा, हातात हळदीकुंकवाचं ताट. दुपारी उद्घाटनाला पंचायत समितीच्या सभापतीबाई येणार होत्या, त्याची तयारी. माझं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं.

"इंदूताई, आधी ऐकून घ्या."

"मला न विचारता हे कुणी केलं?"

"मीच करायला सांगितलं. अहो, छापखानेवालाच म्हणाला, सणासुदीला मोकळ्या कपाळाची जाहिरात कुणी बघणार नाही. माल अंगावर पडेल. तुम्हीच सांगा, लक्ष्मीपूजनाच्या बाजारात बाई घरात काय नेते, शुभ तेच नेते ना?"

"मग मला कशाला घेतलंत? सवाष्ण घ्यायची होती. रेश्मा होती."

"रेश्माचं तोंड निस्तेज कुठंय?"

हे त्या अगदी सरळपणे म्हणाल्या. निस्तेज तोंड हवं होतं तेव्हा विधवा बरी, उजळलेलं हवं होतं तेव्हा तिला सवाष्ण करायची. रेश्मा स्टुलावरून उतरली आणि खोकी मोजायच्या मिषाने मागे गेली.

"आणि आता?" मी म्हटलं. "मी पुढे बसले की लोक फ्लेक्सकडे बघणार, माझ्याकडे बघणार. फ्लेक्सवरच्या बाईला नवरा आहे, खुर्चीवरच्या बाईला नाही. काय सांगणार त्यांना?"

मालाताईंनी पर्समधून एक टिकल्यांचं पाकीट काढलं. त्याच्याबरोबर काळ्या मण्यांची एक पोत, बांगड्यांच्या दुकानात टांगलेली असते ना, तसली.

"तेच म्हणत होते," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "तीनच दिवसांचा प्रश्न आहे. प्रदर्शन संपेपर्यंत एवढं लावा. बाहेरगावची गिऱ्हाइकं, त्यांना काय कळतंय. मी दिलेला शब्द पाळतेय, इंदूताई. खुर्ची तुमचीच आहे. पण फ्लेक्सला शोभेल असं बसायला हवं. नाहीतर मग हे तीन दिवस मागे बसा, पुढच्या वर्षी बघू."

मी त्यांच्या तळहाताकडे बघत राहिले. सहा वर्षं ज्या हाताने मला टाळलं, तो हात मला टिकली देत होता, आणि वर उपकार केल्यासारखा देत होता.

पोत मी परत केली. "माझं मंगळसूत्र माझ्या पेटीत आहे, सोन्याचं आहे. हे दुकानातलं घालणार नाही."

"बरं, राहू द्या. पदर गळ्याभोवती घ्या. पण टिकली?"

टिकली मी घेतली.

का घेतली ते सांगते. एक तर खुर्ची. दुसरं असं की मला टिकली फार आवडायची. लहानपणी शाळेत जाताना मी रोज वेगळ्या रंगाची लावायची, आईच्या शिव्या खायची. नवरा असताना लावायची ती काही फक्त नवऱ्यासाठी लावत नव्हते, मला आवडायची म्हणून लावत होते. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते, कारण आमच्यात विधवेने असलं बोललं की तिचं डोकं ठिकाणावर आहे का ते बघतात. मी पाकिटातली एक काढली, गिऱ्हाइकांसाठी टेबलावर ठेवलेल्या आरशात बघितलं आणि मधोमध लावली. आणि मालाताईंवरचा राग तसाच धुमसत ठेवून खुर्चीवर जाऊन बसले.

सकाळ चांगली गेली, हे मला नाकारता येणार नाही. बायका थांबत होत्या, फ्लेक्सकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. "तुम्हीच का हो त्या?" मी म्हणायची, "मीच." मग हात पुढे यायचे. राबलेले, भेगाळलेले, मनगटापासून वर उन्हाने काळवंडलेले हात. मी वाटीत दूध-उटणं कालवून त्यांच्या हाताच्या पाठीवर लावायची, जरा थांबायची, ओल्या फडक्याने टिपायची आणि म्हणायची, आता दुसऱ्या हाताशी लावून बघा.

"गोरं होईल का?" एकीने विचारलं.

"नाही. आणि दुसरं कुणी होईल म्हणून सांगत असेल तर त्याला चप्पल दाखवा. तुमचा रंग तुमचाच राहणार. मळकटलेला आहे तो स्वच्छ होईल."

"मग नंतरच्या फोटोत कशा गोऱ्या दिसताय?"

"छापखानेवाल्याची कृपा," मी म्हटलं. बायका हसल्या, आणि पुड्या घेतल्या. पुड्या भराभर जात होत्या. मालाताई मागून येऊन पाठीवर हात ठेवून गेल्या. मला वाटलं, चला, चालवून घेऊ. तीन दिवस तर तीन दिवस. टिकली आहे, खुर्ची आहे, हात पुढे येतायत. राग गिळायची मला सवय होती.

दुपारी सभापतीबाई आल्या. जाडजूड, घामाघूम, हसतमुख बाई, मागे चार माणसं. मालाताईंनी त्यांच्या हस्ते समई लावून घेतली, नारळ वाढवून घेतला. मग हळदीकुंकवाचं ताट त्यांच्या हातात दिलं. गटाच्या बायकांना पाहुणीने हळदीकुंकू लावायचं, अशी आमच्याकडे रीत. आम्ही टेबलामागे ओळीने उभ्या राहिलो. त्यावेळी माझ्यासमोर एक बाई अर्धवट हाताची उभी होती, म्हणजे तिच्या एका हाताला मी उटणं लावलं होतं आणि टिपायचं राहिलं होतं. "थांबा हं जरा," असं मी तिला म्हटलं होतं.

सभापतीबाई एकेकीला लावत आल्या. माझ्यासमोर आल्या. माझ्या कपाळाकडे बघून हसल्या, "काय सुरेख टिकली," म्हणाल्या आणि बोट कुंकवात बुडवून उचललं. खोटं कशाला सांगू, माझी मान आपोआप पुढे झाली.

आणि बाजूने मालाताईंचा हात आला. त्यांनी सभापतीबाईंचं मनगट धरलं.

"त्यांना राहू द्या, मॅडम."

"का हो?" सभापतीबाई गोंधळल्या. "टिकली आहे की त्यांना."

"ती फ्लेक्ससाठी आहे," मालाताई म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण आजूबाजूला सगळ्यांना ऐकू गेलं.

सभापतीबाईंनी वर फ्लेक्सकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग डाव्या बाजूच्या मोकळ्या कपाळाकडे. त्यांना कळलं. "असं होय," म्हणाल्या, आणि बोटाचं कुंकू ताटाच्या काठाला पुसून रेश्माकडे वळल्या. रेश्माला लावलं. पुढच्या दोघींना लावलं. ताट मालाताईंच्या हातात देऊन शेजारच्या लोणच्यांच्या स्टॉलकडे निघून गेल्या.

मी पुढे झुकवलेली मान परत सरळ केली. एवढ्याशा हालचालीला किती वेळ लागतो, पण मला ती जड गेली. मला आजवर पुष्कळदा टाळलं होतं, पण कुणी मनगट धरून थांबवलं नव्हतं. आणि ज्या बाईने सकाळी स्वतःच्या पर्समधून टिकली काढून दिली, तिनेच धरलं होतं. रडायला येत नव्हतं. दात आवळले गेले होते आणि कानशिलं तापली होती.

मी कपाळावरची टिकली काढली आणि मालाताईंच्या ताटात, कुंकवाच्या करंड्याशेजारी चिकटवली.

"ही तुमची. फ्लेक्ससाठी आणलेली."

"इंदूताई, आत्ता नको. गिऱ्हाईक उभं आहे."

"गिऱ्हाईक उभं आहे म्हणूनच आत्ता. एक सांगा मला. पाडव्याला तुमच्या मिस्टरांना उटणं कुठलं लावता?"

"हा काय विचारायचा प्रश्न झाला?"

"लावता ना पहाटे? तेल लावता, उटणं लावता, ओवाळता. कुठलं उटणं?"

"आपल्या गटाचंच."

"कुणाच्या हातचं?"

रेश्मा खाली बघत होती.

"माझ्या हातचं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. "डाळ मी निवडते, साल मी वाळवते, गिरणीत मी उभी राहते, चाळणीला हात माझा. विधवा झाल्यापासूनच्या सगळ्या पाडव्यांना तुमच्या नवऱ्याच्या अंगाला माझ्या हातचं लागलंय. ठणठणीत आहेत ना ते? काही झालं का त्यांना?"

"इंदूताई, भलतंच काय बोलता."

"भलतं मी बोलतेय? श्रावणापासून तुम्हीही रोज सकाळी तोंडाला हेच लावता. तुम्हीच मला म्हणालात, डोळ्यांखालचं काळं कमी झालं म्हणून. त्याच कपाळावर तुम्ही कुंकू लावता. म्हणजे माझ्या हातच्या उटण्यावरच लावता की. तेव्हा तुम्हाला कुणी मनगट धरून थांबवत नाही ते?"

"ते वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

मालाताईंनी आजूबाजूला बघितलं. बायका जमल्या होत्या. समोरच्या स्टॉलवरून पापडवाल्याही आल्या होत्या. "ते... पुडीवर कुठं लिहिलेलं असतं कुणी केलं म्हणून," त्या म्हणाल्या.

"म्हणजे दिसलं नाही की चालतं. माझे हात चालतात. तोंड चालतं, ते पण आधीचं. कपाळ तेवढं चालत नाही." टेबलावर ओलं फडकं होतं, ते मी उचलून त्यांच्यापुढे धरलं. "हे घ्या. पुसा तोंड. एवढा विटाळ होत असेल तर माझा हात तुमच्या तोंडावरून आधी पुसून टाका, मग मला कपाळ शिकवा."

मालाताईंचा हात त्यांच्या गालाकडे गेला आणि तिथेच थांबला. फडकं त्यांनी घेतलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला सांगायला लाज वाटत नाही की मला त्याची जराही कीव आली नाही. गर्दीत दोघीतिघींनी हातातल्या पुड्या गुपचूप टेबलावर ठेवल्या आणि मागे सरकल्या. एक म्हणाली, "विधवेच्या हातचं आहे होय, सांगायला नको का आधी." धंदा मोडत होता. मालाताईंनी ते बघितलं.

मघाची अर्धवट हाताची बाई अजून तशीच उभी होती. तिच्या हातावरचं उटणं वाळायला लागलं होतं. ती कंटाळून म्हणाली, "अहो बाई, लावून टाका की त्यांना एकदाचं कुंकू. आमची एसटी जाईल."

कुणीतरी हसलं. आणि त्या हसण्याने काय झालं कोण जाणे, मालाताईंनी एकदा गर्दीकडे बघितलं, एकदा टेबलावर परत आलेल्या पुड्यांकडे बघितलं, बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळाकडे आणलं.

मी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या."

"अहो, लावतेय ना आता," त्या म्हणाल्या.

"कुणासाठी लावताय? सकाळी फ्लेक्ससाठी टिकली दिलीत. आता गिऱ्हाइकासाठी कुंकू लावताय. माझ्यासाठी कधी लावणार ते सांगा. तेव्हा मी मान पुढे करीन."

त्यांचं बोट तसंच हवेत राहिलं. मी त्यांच्या हातातलं ताट घेऊन टेबलावर ठेवलं. आरसा समोर ओढला. करंड्यात स्वतःचं बोट बुडवलं आणि कुंकू लावलं, सावकाश, मधोमध. उटण्याने स्वच्छ झालेल्या कपाळावर ते चांगलं बसलं. मग पदराला बोट पुसलं आणि खुर्चीवर बसले.

"या," मी त्या एसटीवाल्या बाईला म्हटलं. "तुमचा हात राहिलाय."

तीन दिवस मी त्या खुर्चीवरून हलले नाही. पहिल्या दिवशी दुपारनंतर आमच्या पुड्या कमी गेल्या, हे खरंय. मला उठा म्हणायला कुणी आलं नाही.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. गट आहे, उटणं मीच करते, पुढे मीच बसते, कुंकू माझं मी लावते. मालाताई अजून अध्यक्षा आहेत. वाटेत भेटलो की बोलतो, दुखलंखुपलं विचारतो. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडून दोन पुड्या घेऊन जातात. माझ्यासाठी कुंकू कधी लावणार, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.